रिजेक्टच्या पाण्यावरची झाडं : डायलिसिस सेंटरमागच्या कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

आज संक्रांत, तरी डायलिसिसची पाळी चुकवता येत नाही. हिला, म्हणजे बायकोला, साडेसातला मशीनवर घेतलं. साडेअकरापर्यंत आम्ही बाहेरचे सगळे बाकावर. कुणी मोबाईल बघतं, कुणी योजनेच्या कागदांच्या झेरॉक्स मोजतं, कुणी बसल्या बसल्या झोपतं. मला बसवत नाही म्हणून सेंटरच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं आरओ प्लांटची खोली आहे. भिंतीतून एक इंची पाईप बाहेर आलाय आणि त्यातून पाणी सरळ गटारीत चाललंय. धार चांगली होती. ओंजळ भरून पाहिलं तर पाणी काचेसारखं स्वच्छ, वास नाही.

ठिबक बसवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. एरंडोल-धरणगाव भागात केळीचे, कापसाचे प्लॉट मी पाईपलाईनवरून ओळखतो. असं पाणी गटारीत जाताना बघवत नाही, मग ते कुणाचंही असो. आत जाऊन टेक्निशियन भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "ते रिजेक्ट आहे. रोजचंच आहे."

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. मशीनमध्ये मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास द्रावण फिरतं. चार तासांचा हिशेब केला तर एका रुग्णामागे १२० लिटर. रक्त आणि ते द्रावण यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, म्हणून पाणी अगदी शुद्ध लागतं. बोअरचं पाणी आधी सँड फिल्टर, सॉफ्टनर आणि कार्बनमधून जातं, मग आरओत. आरओ त्याचे दोन वाटे करतो. एक मशीनकडे जातो. दुसरा क्षार घेऊन बाहेर पडतो, तो हा. म्हणजे हे पाणी रुग्णापर्यंत पोचलेलंच नसतं. मशीनमधून वापरून निघणारं पाणी वेगळं, त्याची लाईन वेगळी, आणि त्याला हात लावायचा नाही.

हिला सांगितलं तर म्हणाली, "इथं पण कामच शोधलं का?"

१७ जानेवारी, शुक्रवार

बादली आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) घेऊन आलो. १५ लिटरची बादली दोन मिनिटांच्या आत भरली, म्हणजे तासाला ४५०-५०० लिटर. प्लांट दिवसभर चालत नाही, टाकी भरली की बंद होतो. दोन्ही पाळ्या धरून दिवसाला दीड हजार लिटरच्या आसपास रिजेक्ट निघत असावं.

बोअरचा टीडीएस ६४०, रिजेक्टचा १२५०. अर्धं पाणी पुढे गेलं तर उरलेल्यात क्षार दुप्पट होणारच. ईसीत, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार मोजायच्या मापात, बोलायचं तर दोनच्या थोडं खाली. आपल्याकडे याहून वाईट विहिरीवर लोकांनी कापूस काढलाय.

खरी अडचण वेगळीच आहे. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम धरतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. त्यामुळे ड्रिपर, म्हणजे ठिबकच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या, पांढऱ्या थरानं चोंदण्याची भीती कमी, पण जमिनीत सोडियम जाणार. मागची जागा काळ्या मातीची. काळ्या मातीला सोडियम लागला की ती चोपण होते. वर पापडी धरते, पाणी आत घेत नाही, आणि भिजली की लोण्यासारखी पाय धरते. म्हणून सपाट जमिनीत लावायचं नाही. उंचवटे करायचे, मुरूम मिसळायचा, सोडियम हटवायला जिप्सम टाकायचं, शेणखत भरपूर.

आणखी एक. सॉफ्टनर मिठाच्या पाण्यानं धुतात, त्याला रिजनरेशन म्हणतात. ते पाणी चुकूनसुद्धा या लाईनला येता कामा नये. टेक्निशियन भाऊंनी दोन्ही पाईप वेगळे दाखवले. मी ऑइल पेंटनं खूण केली. लाल गटारीचा, हिरवा आपला.

२१ जानेवारी, मंगळवार

मागच्या जागेत या पाण्यावर झाडं लावायला सेंटरची परवानगी मिळाली. अटी तीन: खर्च मागायचा नाही, डबकं होऊन डास झाले तर सगळं उखडायचं, शेजारच्या भिंतीला ओल जाऊ द्यायची नाही. मान्य. तिन्ही रास्त आहेत.

२८ जानेवारी, मंगळवार

फॉरेस्टवाले काका आज पेपर घेऊन आले. वनखात्यातून रिटायर झालेले, नोकरी यावल-चोपडा भागात झाली. ते स्वतः पेशंट, पाळी आमचीच, हिच्या शेजारचं मशीन. सोबतीला कुणी आलेलं नसलं की त्यांना चहा मी आणून देतो. तेवढाच, अर्धा कप. जास्त चालत नाही.

पेपरात बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाल्याचं होतं. साक्री तालुक्यातलं हे गाव काकांनी पाहिलेलं. नव्वदच्या सुरुवातीला तिथं डोंगर बोडका होता, बायका पाण्यासाठी वणवण करायच्या. गावानंच कुऱ्हाडबंदी केली, राखणीला माणसं लावली, बांध घातले. आज चारशेहून जास्त हेक्टर जंगल उभं आहे. रानभाज्यांची स्पर्धाही तिथं भरते, लांबून लोक जातात.

काका म्हणाले, "त्यांनी पहिली काही वर्षं झाडं लावलीच नाहीत म्हण. जे तुटत होतं ते तुटू दिलं नाही, बस. साग-धावड्याची खोडं जमिनीत जिवंत असतात, त्यांना फुटू द्यायचं असतं."

मग मला विचारलं, "तू काय काय लावणार?" मी यादी दाखवली. त्यातलं गुलमोहर त्यांनी खोडलं आणि तिथं पळस लिहिलं. वर म्हणाले, "बाहेरचा पाहुणा कशाला?" पळस क्षाराच्या जमिनीत तग धरतो हे मलाही माहीत होतं, पण कुणी मुद्दाम लावताना पाहिला नव्हता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सामान असं जमलं. ५०० लिटरची जुनी टाकी एका केळीवाल्या गिऱ्हाईकानं दिली. लोखंडी स्टँड दुपारच्या पाळीतल्या एका पेशंटच्या भावानं वेल्डिंग करून दिला, साडेसहा फूट उंच. १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी) आणि तिचे जोड, टेक-ऑफ, ग्रोमेट, एंड कॅप, हे सगळं माझ्या गोडाऊनचं. शेतकरी दरवेळी नवीन नळी टाकतात आणि जुनी बांधावर फेकतात. ती मी गोळा करून ठेवतो. ही टोकते, पण आता कामाला आली.

पंप लावायचा नाही असं ठरवलं. विजेचं बिल कुणाच्या नावावर जाणार हा प्रश्न मिटला. टाकीच्या उंचीनं जेमतेम दोन मीटरचा दाब मिळतो. ८ लिटरचा ड्रिपर एवढ्या दाबावर तासाला साडेतीन-चार लिटरच देतो. आपल्याला तेच हवं, सावकाश मुरेल. टाकीखाली स्क्रीन फिल्टर आणि एक बॉल व्हॉल्व.

लेकीची दहावी तोंडावर आहे. रात्री ती अभ्यास करते आणि मी तिच्याच टेबलावर नळीला भोकं पाडतो. दोघांचं बरं चाललंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लागवड. दोन बाय दोन बाय दोनचे खड्डे आधीच्या रविवारी झाले होते. दुपारच्या पाळीचे लोकही आले होते. मजूर लावायची वेळ आली नाही. काळी माती अर्धी बाहेर टाकली, मुरूम, शेणखत आणि जिप्सम मिसळून परत भरली आणि वर फूटभर उंचवटा. कडुनिंब, करंज, आवळा, बोर, पळस, आणि काकांच्या हट्टानं एक अंजन. अंजनाचं रोप वीतभर होतं. काका म्हणाले, "याच्याकडे दोन वर्षं बघू नको. वर काही दिसणार नाही. याचा सगळा कारभार आधी खाली मुळाशी चालतो."

भाजीपाला लावायचा नाही हे पक्कं. एक तर पाणी तसलं. दुसरं म्हणजे इथल्या कुणाला पालेभाजी धड खाता येते? चिरायची, उकळायची, पाणी फेकायचं, मग फोडणी. पोटॅशियम उतरवायला. जळगावात राहून केळं वर्ज्य. हिला पहिल्यांदा डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती हसली होती, "मग इथं खायचं काय?"

पारोळ्याकडच्या आजी मशीनवर जायच्या आधी व्हीलचेअरवर मागं आल्या. टाकीकडे बघून हळूच म्हणाल्या, "हाई पानी मना आंगमाईन निंघेल तं नई ना रे भाऊ?"

"नई वो माय, ते पहिलेच बाजूले पडस."

"मंग ठीक शे," म्हणाल्या आणि आवळ्याला हात लावून आत गेल्या. हे पाणी आपल्या अंगातून निघालेलं तर नाही, असा प्रश्न पडलेले आणखीही लोक होते, विचारलं फक्त आजींनी. लगेच दोन्ही पाईपांवर पाटी लावून घेतली.

४ मार्च, मंगळवार

कडुनिंब धरला. करंज धरला. बोरीची पानं गळाली पण काडी हिरवी आहे. नखानं खरवडून बघितलं. बाकी ठीक.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. एसटी रिकामी होती. हिचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी पळस पेटलेला दिसला, एक पान नाही आणि फांदीच्या टोकापर्यंत केशरी. काकांना सांगितलं तर ते सुरूच झाले.

सातपुड्यात या दिवसांत पाणी संपतं म्हणून झाड पान टाकतं. पान म्हणजे पाण्याचा खर्च. पळस खर्च बंद करतो आणि त्याच वेळी फुलतो. पानं नसल्यानं फुलं लांबून दिसतात, पाखरं मधासाठी येतात. अंजनही या दिवसांत उघडा पडतो, मग त्याला तांबूस पालवी येते. पाऊस यायला अजून तीन महिने असतात आणि हा पालवी काढतो, कारण मूळ खोल गेलेलं असतं.

मला मोबाईलवर येणारे "झाडाकडून शिका" छाप मेसेज आवडत नाहीत. पेशंटच्या नातेवाईकाला तर ते रोज येतात, सूर्योदयाच्या फोटोसकट. झाडाला आपल्याला काही शिकवायचं नसतं, त्याला त्याचा उन्हाळा काढायचा असतो. पण काका सांगत होते ते शिकवणं नव्हतं, झाडाचा हिशेब होता. तो मला पटला. घरी आम्हीही तेच करतोय. टू-व्हीलर विकली, केबल बंद केली, लग्नकार्याला एकच माणूस जातो.

मशीनवर असताना काकांनी रानपिंगळ्याची गोष्ट पण सांगितली. छोटं घुबड, पण दिवसा हिंडणारं. याची नोंद १८७३ ला झाली, शेवटचा नमुना १८८४ चा. पुढे शंभरावर वर्षं कुणाला दिसलाच नाही. संपला असंच धरलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेहून आलेल्या पक्षीतज्ज्ञांना तो सापडला, तोही आपल्या शहाद्याजवळ. काका म्हणाले, "त्या एकशे तेरा वर्षांत तो कुठं गेला नव्हता. तिथंच होता. आदिवासींना विचारायला कोणी गेलं नव्हतं." यावलच्या जंगलातही तो आहे. काकांनी पाहिलाय, अंजनाच्या फांदीवर, भर दुपारी. हे सांगताना त्यांचं बीपी उतरलं म्हणून सिस्टर आल्या, गोष्ट तिथंच थांबली. पाय वर केले, सलाईन दिलं, दहा मिनिटांत बरे.

१ एप्रिल, मंगळवार

शेळ्या आल्या. बोर आणि करंज बुडापर्यंत साफ. कुणाच्या होत्या विचारत बसलो नाही. बाभळीच्या काट्यांचं कुंपण दोन-तीन जणांनी मिळून घातलं. आवळा आतल्या बाजूला होता म्हणून वाचला.

१५ एप्रिल, मंगळवार

ऊन ४३ च्या वर. करंजाला शेळीनं तोडलेल्या ठिकाणी तीन फुटवे आलेत. बोर अजून तशीच, फक्त काडी.

व्हॉल्व उघडायची पाळी ठरवली. सकाळच्या बॅचनं उघडायचा, दुपारच्या बॅचनं बंद करायचा. वहीत सही. चहाच्या टपरीवर वही ठेवलीय. आधी जे एकमेकांकडे बघत नव्हते ते आता वहीवरून भांडतात. मला हे भांडण आवडतं. "काल बंद कुणी केला नाही?" असं विचारणारा माणूस निदान किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा विचारत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

हिचं वजन दोन पाळ्यांमध्ये जास्त वाढलं. सव्वातीन किलो पाणी काढायला लागलं, शेवटच्या तासाला पायात गोळे आले. डॉक्टर रागावले. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, वरण, औषधाचं पाणी सगळं धरून. बाहेर ४४ डिग्री. मी दिवसभर शेतात घागरभर पाणी पितो आणि हिची पाऊण लिटरची बाटली सकाळी भरून ओट्यावर ठेवलेली असते. बाटलीवर तिनं स्केचपेननं रेघा मारल्यात: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. संध्याकाळच्या रेघेच्या खाली पाणी गेलं की ती बाटली फडताळात ठेवते, डोळ्याआड.

आज सुटल्यावर हट्टानं मागं आली. हातावर फिस्टुलाची (डायलिसिसच्या सुया टोचतात त्या शिरेची) पट्टी, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरलेला. कडुनिंबाखाली ड्रिपर टपकत होता. एक थेंब भरायचा, लोंबायचा, पडायचा, परत. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, याला किती देता?"

"दिवसाला पंधरा-सोळा लिटर."

"आणि मला पाऊण." मग म्हणाली, "याचा डॉक्टर बरा दिसतो."

हसलो दोघं. घरी आल्यावर तिनं बर्फाचा ट्रे काढला आणि पाऊण लिटरातलं थोडं पाणी त्यात गोठवलं. म्हणे, चघळत राहिलं तर तहान जास्त वेळ भागते. सिस्टरनी तिला हे पूर्वीच सांगितलं होतं, ऐकलं आज.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. हिनं डॉक्टरांना विचारूनच घेतलं, "बुधवार-गुरुवार माहेरी जाऊ का?" शुक्रवारी सकाळी हजर राहायच्या बोलीवर सोडलं. आंब्याचा रस दोन चमचे, सांजोरी अर्धी. झोका नाही. हात जपायचा.

व्हॉल्व दोन दिवस काका बघतील.

६ मे, मंगळवार

काल रात्री वादळ. आमच्याकडे पत्रे उडाले, तिकडे केळीचे बाग आडवे झाले. माझी तीन कामं गेली. ज्यांच्या बागा पडल्या ते नवीन ठिबक काय बसवणार? झाडांपैकी आवळा वाकला, बांबू लावला. आज जास्त लिहीत नाही.

२७ मे, मंगळवार

मेमध्येच पाऊस. मुंबईत काल मान्सून पोचला म्हणतात, एवढ्या लवकर कधी आठवत नाही. कापसाची घाई करू नका असं मी गिऱ्हाइकांना सांगतोय, ऐकतंय कोण?

मागं जाऊन पाहिलं. सपाट जागेत पाणी साचून माती लोण्यासारखी झालीय, पाय टाकला की चप्पल अडकते. ती आधीचीच, गटारीकाठची, जिथं कित्येक वर्षं रिजेक्ट सांडत होतं. उंचवट्यांवर मात्र पाणी मुरलंय. मूठभर माती घेऊन दाबली तर फुटते. जिप्समनं काम केलं. आणखी एक पोतं पावसाळ्यात टाकायचं, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर सोडियम खाली उतरेल. डास होऊ नयेत म्हणून साचलेल्या जागेतून चर काढून दिला.

आजींचं मशीन आज दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. कुणी विचारलं नाही. इथं तसं कुणी विचारत नाही. अकराच्या सुमारास त्यांचा नातू फाईल घ्यायला आला. मागं आला, आवळ्याचा सुटलेला बांबू बघितला, खिशातून रुमाल काढून त्यानं तो घट्ट बांधला, आणि गेला.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. एका ताईंनी वडाचं रोप आणलं, कुंडीसकट, पूजा करून. इथंच लावायचं म्हणे. भिंत आठ फुटांवर, ड्रेनेज लाईन चार फुटांवर, आणि मुळं कुणाचं ऐकत नाहीत. मी नाही म्हटलं तर त्या रुसल्या. ही मशीनवरून बोलली, "त्यांच्या नवऱ्यासाठी आहे हो ते, तुमच्या पाईपसाठी नाही." शेवटी काकांनी तोड काढली. त्यांच्या गावच्या गायरानात लावायचं. रविवारी त्यांचा मुलगा नेईल. ताईंना फोटो पाठवायचा असं कबूल करून घेतलंय.

बोरीला बुडातून फुटवा आलाय, काट्यांसकट. पळसाला तीन पानं. अंजन वीतभरच.

२० जून, शुक्रवार

पावसाळ्यात लाईन बंद. एंड कॅप काढून पाणी सोडलं, आधी गढूळ आलं, मग स्वच्छ. फिल्टरची जाळी ब्रशनं धुतली. टाकी उपडी केली.

पण रिजेक्ट तर रोज निघतंच, ते चार महिने परत गटारीत जाणार. टेक्निशियन भाऊंशी बोललो. तळमजल्याच्या संडासांची टाकी प्लांटच्या खोलीपासून तीस फुटांवर आहे. फ्लशला हे पाणी चालतं, क्षारांनी काही बिघडत नाही. तेवढंच बोअरचं पाणी वाचेल. ऑफिसात सांगितलं, तर या वेळी तेच म्हणाले खर्चाचं बघू. मधे एक टी आणि दोन व्हॉल्व लागतील, म्हणजे दिवाळीनंतर परत झाडांकडे वळवता येईल.

हिचं वजन आज दोन किलोच वाढलेलं. दीड इंची पाईपचे तुकडे गोडाऊनला पडलेत, मंगळवारी येताना घेऊन येतो. एसटीत कंडक्टर कुरकुर करेल, सहा फुटांचे करून बांधावे लागतील.